चालकांच्या हाताला ताण मोजणारं घड्याळ बांधावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: तुमच्या सात गाड्या जालन्याहून सळई घेऊन नागपूरच्या बाजूला जातात. दोन महिन्यांपूर्वी त्यातली एक पहाटे साडेचारला, मोकळ्या सरळ रस्त्यावर, कडेच्या कठड्याला घासत गेली. चालक शपथेवर सांगतो की डोळा लागला नव्हता. भाच्याचं म्हणणं, सगळ्यांना ताण दाखवणारी घड्याळं बांधू आणि ज्याचा आकडा चढलेला दिसेल त्याला त्या दिवशी गाडी द्यायची नाही. याने अपघात टळतील का आणि घड्याळ कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

घड्याळाचं नाव मी सांगणार नाही. मी औद्योगिक आरोग्याचा डॉक्टर आहे, एकवीस वर्षं छत्रपती संभाजीनगरात कामगार आणि मालवाहू गाड्यांचे चालक तपासतोय, आणि तुमच्या भाच्याला सुचलं तेच मलाही एकेकाळी सुचलं होतं. तुम्हाला खरं तर एवढंच कळायला हवंय की आज रात्री या माणसाच्या हातात स्टेअरिंग द्यावं की नाही. घड्याळातला ताणाचा आकडा याचं उत्तर देत नाही. कधी कधी तर तो उलटंच सांगतो.

आधी घड्याळ काय मोजतं ते बघू. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीतून आत उजेड टाकतो आणि प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त किती कमी-जास्त झालं ते परतणाऱ्या उजेडावरून ताडतो. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच एकसारखं नसतं. माणूस निवांत असला की ते अंतर जास्त कमी-जास्त होतं, शरीर कामाला जुंपलेलं असलं की ठोके मोजूनमापून पडायला लागतात. बहुतेक घड्याळं या चढउतारावरूनच ताणाचा आकडा काढतात. कल्पना चांगली आहे, दवाखान्यात आम्हीही छातीला पट्टा लावून हेच बघतो. फक्त आमचा पेशंट खाटेवर आडवा असतो. तुमचा चालक थरथरत्या स्टेअरिंगवर मनगट टेकवून बसलेला असतो, पट्टा सैल असतो, घाम आलेला असतो. त्यातला प्रत्येक हादरा घड्याळाला ठोका वाटू शकतो.

समजा, मोजमाप अगदी अचूक झालं. तरी माणसामाणसांत फरक आहेच. पंचविशीतल्या पोराच्या आणि पन्नाशीतल्या चालकाच्या ठोक्यांतला चढउतार कधीच सारखा नसतो, वयाबरोबर तो कमीच होत जातो. जुना मधुमेह असला तर आणखी कमी. तंबाखूचा बार भरला की नाडी वाढते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली (ठोके मंदावणारी) गोळी चालू असली की नाडी फारशी वाढत नाही. माझ्याकडचा एक चालक मालकाच्या यादीत कायम ‘सर्वांत शांत’ असायचा. तो शांतपणा त्या गोळीचा होता. म्हणून सात जणांचे आकडे शेजारी मांडून ‘याचा जास्त, त्याचा कमी’ असं कधीही करू नका. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी करायची असते, आणि तो नेहमीचा आकडा कळायला दोन-तीन आठवडे जातात.

हे शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांनी बॉस्टनच्या रस्त्यांवर चालकांना तारा लावून गाडी चालवायला लावली होती, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण आणि घामामुळे कातडीतून वीज किती वाहते, असं सगळं मोजलं. त्यावरून माणूस विश्रांतीत आहे, महामार्गावर आहे की शहराच्या गर्दीत, हे त्यांना ९७ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखता आलं. घाम आणि नाडी या दोन गोष्टी सर्वांत कामाच्या ठरल्या. पण ओळखलं काय, ते बघा. रस्ता माणसाकडून किती काम करून घेतोय, हे ओळखलं. तो अपघाताच्या किती जवळ आहे, हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. घड्याळं विकणारे नेमकी हीच फट बुजवून टाकतात.

माझा गैरसमज फिटला तो एका रात्री. एका चालकाच्या छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ बांधून मी त्याच्याच केबिनमध्ये बसून निघालो. कारखान्याच्या फाटकातून भरलेली गाडी बाहेर काढताना, समोरून उसाची जोडट्रॉली, मागून हॉर्न, मध्ये मोटारसायकली, त्याची नाडी १०४ होती आणि घड्याळ लाल दाखवत होतं. मी मनात म्हटलं, हाच धोक्याचा क्षण. प्रत्यक्षात तो माणूस त्या वेळी डोळ्यांत तेल घालून गाडी चालवत होता. मग आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. मेहकर मागे पडलं, रात्रीचे तीन वाजून गेले. नाडी ६१. घड्याळात हिरवा रंग आणि ‘निवांत’ असा शेरा. मी काहीतरी विचारलं, उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागले. तेवढ्यात डावी चाकं कडेच्या खरखरीत पट्ट्यावर गेली, केबिन घरघरली आणि तो दचकून सावरला. ‘झोप नाही हो डॉक्टरसाहेब, विचारात होतो,’ म्हणाला. खोटं बोलत नव्हता. काही सेकंदांच्या डुलकीची आठवण बहुतेकदा राहतच नाही. तुमचा चालकही खोटं बोलतोय असं धरून चालू नका. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. या ९० मीटरांत घड्याळाने ‘सगळं छान’ म्हटलं असतं, कारण पेंगणारं शरीर शांतच असतं.

पुढे त्याच चालकाने एक वाक्य सांगितलं, ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं: ‘त्या रस्त्यावर हाताला कामच नाही साहेब. औट्रम घाटात कधी झोप येते का कुणाला?’ बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कासरा फार ओढला तर बैल बिथरतो, फार सैल सोडला तर वाट सोडतो. चालकाचं शरीरही तसंच. ताण फार झाला की नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, आरशाकडे बघायचं राहतं, ओव्हरटेकचा अंदाज चुकतो. ताण अगदीच उतरला की मेंदू दुकान बंद करायला लागतो. तुमच्या भाच्याची योजना कासऱ्याचं एकच टोक बघते, आणि तुमचा अपघात झालाय दुसऱ्या टोकाला.

सरकारी आकड्यांतही हे टोक दिसत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकले गेले. त्या तक्त्यात दारू आहे, मोबाइल आहे, उलट दिशेने गाडी घालणं आहे. थकव्याला आणि झोपेला रकानाच नाही. दारूचं प्रमाण रक्तात मोजता येतं, झोपेचं मागे काहीच उरत नाही. पहाटे चारला ब्रेकची खूण न सोडता गाडी कठड्यावर गेली की पंचनाम्यात ‘भरधाव वेगात, हयगयीने’ असं लिहून मोकळं व्हायचं.

मग मोजायचं काय? माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा फुकट मिळतो: हा माणूस किती तासांपासून जागा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी खाली येते आणि २४ तासांनंतर ती साधारण ०.१० टक्क्याच्या बरोबरीला पोचते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आता तुमच्या चालकाचा दिवस मोजा. समजा, सकाळी सहाला उठला, नऊला फाटकावर नंबर लावला, दिवसभर रांगेत उन्हात उभा राहिला, रात्री आठला माल भरून झाला, नऊला निघाला. म्हणजे पहाटे साडेचारला तो साडेबावीस तास जागा असणार. तुमच्या वहीत मात्र त्याची ड्यूटी साडेसात तासांची दिसेल.

इथे मी मालकांशी भांडतो, तुमच्याशीही भांडेन. ‘दिवसभर बसूनच तर होता’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. फाटकावरचं थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, गाडी पुढे सरकवावी लागते, डोळा मिटला तर मागचा शिरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. २०२५ मध्ये नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, पण तुमच्या गाड्या त्याआधीच्या असणार. शिवाय लघवीला उतरायला नको म्हणून हे लोक पाणी पीत नाहीत. मग मुतखडा घेऊन माझ्याकडे येतात, ते वेगळंच.

मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलेलं होतं. तेवढं जरी खऱ्या अर्थाने पाळलं तरी निम्मं काम होईल. पण माझा मुद्दा तासांहूनही घड्याळाच्या काट्याचा आहे. रात्री साधारण दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळी शरीर स्वतःहून मंदावतं. चांगली झोप झालेल्या माणसाचंही मंदावतं. जास्त जागरण आणि पहाटेची वेळ एकत्र आली की मग चालकाचा अनुभव, चहा, खिडकीतला वारा, मोठ्या आवाजातली गाणी, कशाचाच फारसा उपयोग होत नाही.

दुसरा आकडा प्रतिक्रियेचा. झोपेच्या अभ्यासात वापरतात ती एक साधी चाचणी आहे: पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं, परत वाट बघायची, परत दाबायचं. मूळ चाचणी दहा मिनिटांची, तिची तीन मिनिटांची आवृत्तीही वापरात आहे. मूळ चाचणीत अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर म्हणजे एक चूक. सरासरीकडे बघू नका, चुका मोजा. थकलेला माणूस मधूनमधून झकास दाबतो आणि मध्येच एकदम हरवतो, रस्त्यावरही तसंच होतं. एक काळजी घ्या. सगळ्यांची चाचणी एकाच मोबाइलवर घ्या, कारण प्रत्येक मोबाइलचा पडदा बोटाला वेगवेगळ्या वेगाने दाद देतो. आणि प्रत्येकाने आधी ताज्या अवस्थेत ती चार-पाच वेळा केलेली असू द्या, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा तुमच्याकडे राहील.

तिसरं, त्यालाच विचारायचं. झोपेचे डॉक्टर एक ते नऊ अशी शिडी वापरतात: एक म्हणजे टक्क जागा, नऊ म्हणजे डोळे उघडे ठेवायलाच लढाई. सात किंवा वर सांगणाऱ्याने गाडी काढू नये. पण तुम्ही विचारलंत तर तो ‘दोन’ म्हणेल, कारण खेप गेली की भत्ता गेला. म्हणून न गेलेल्या खेपेचा भत्ता कापायचा नाही, हे आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर सांगा. ते जमणार नसेल तर यातलं काहीच करू नका. एका मालकाने केबिनमध्ये डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे बसवले होते. मिनिटाभरात किती वेळ पापणी बुबुळावर ८० टक्क्यांहून जास्त उतरली, ते हे कॅमेरे मोजतात. घड्याळाच्या मानाने हे मोजमाप कितीतरी चांगलं. पण त्याने प्रत्येक इशाऱ्यामागे दंड लावला. महिन्याभरात कुठे कॅमेऱ्यावर गमछा लटकलेला, कुठे काचेवर चुन्याचं बोट. चालकांना दोष देता येत नाही. कॅमेरा बसवायचाच तर इशारा वाजल्यावर ‘गाडी लाव, वीस मिनिटं झोप, उशीर माझ्यावर’ असं सांगायची तयारी हवी. इशारा वाजतो तेव्हा तसा उशीरच झालेला असतो, हेही लक्षात ठेवा.

आता शरीराला बसणाऱ्या धक्क्यांबद्दल. ताण म्हटलं की सगळे मनाकडे वळतात, पण चालकाच्या शरीराला सर्वांत जास्त शिणवतं ते सीटखालून येणारं थरथरणं. सीटवर ठेवायचा चपटा मापक येतो, तो हादऱ्याचं मोजमाप मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात देतो. युरोपात आठ तासांच्या कामाला ०.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ची हद्द ओलांडायचीच नाही, असा नियम आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळच्या हादऱ्याला सर्वांत जास्त साथ देतो, आणि ट्रकची सीट नेमकी त्याच्या आसपास हलते. कंबर जाते हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की हे हादरे झोपही आणतात. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगात हलक्या, संथ हादऱ्यांनी पंधरा मिनिटांत पेंग सुरू झालेली दिसली. पाळण्यातलं पोर काय वेगळं असतं?

आणि रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आपटते, कारण पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वजनासाठी बनवलेले असतात. म्हणजे परतीच्या खेपेला चालक जास्त दमलेला, गाडी जास्त हादरणारी आणि सगळ्यांचं लक्ष कमी, कारण माल उतरलेला असतो. टायरमधली हवा, पाटे आणि सीटचा शॉकअप एवढं जरी बघितलं तरी फरक पडतो. घड्याळांचा खर्च वाचवून आधी सातही सीट नीट करा, असं मी कुठल्याही मालकाला सांगेन.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तपासणीशिवाय कळायच्या नाहीत. जो चालक मोठ्याने घोरतो, ज्याची मान जाड आहे (शर्टाची कॉलर १६ इंचांच्या आसपास किंवा वर) आणि जो आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, त्याचा श्वास झोपेत अडकत असण्याची शक्यता बरीच असते. त्याला कितीही सुट्टी दिली तरी झोप पुरी होणार नाही. त्याची झोपेची तपासणी करून घ्या, यावर उपचार आहेत. त्याच्या घोरण्याबद्दल त्याच्या बायकोला किंवा क्लीनरला विचारा, त्याला स्वतःला माहीत नसतं. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकलेल्या माणसाची साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात. घड्याळ याला ‘ताण’ म्हणेल, पण त्याला लगेच साखर लागते. सर्दीची साधी गोळी, दुकानातून मागून घेतलेली, भल्याभल्यांना पेंगवते. या तिघांनाही घड्याळाच्या आकड्यावरून गाडीवरून उतरवणं किंवा चढवणं, दोन्ही चूक.

घड्याळ आधीच घेऊन ठेवलं असेल तर त्यातला एकच भाग वापरा, तो म्हणजे झोपेचे तास. एकूण तास ते बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप किती, स्वप्नांची किती, या रंगीत पट्ट्यांवर फार विसंबू नका. आणि केबिनमध्ये डोळे उघडे ठेवून नुसता पडलेला माणूसही त्याला झोपलेला वाटतो, हे विसरू नका. चोवीस तासांत सहाच्या खाली झोप असेल तर त्या माणसाला रात्रीची खेप मी देणार नाही. हा सहाचा आकडा माझ्या हिशोबाचा, कायद्याचा नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर दोनशे पानी वही घेतली असती. निघताना लिहायचं: सकाळी कधी उठला, चोवीस तासांत किती झोपला, फाटकावर किती वेळ गेला, शिडीवर कितव्या पायरीवर आहे. उठल्यापासून पोचायच्या वेळेपर्यंतचे तास मोजायचे. सोळाच्या पुढे जात असतील तर गाडी रात्री अकराला कुठेतरी लावून सकाळी सहानंतर पुढे न्यायची. पेंग आली तर आधी चहा किंवा कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हायचं. कॅफीनचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकीही होते. उठल्यावर पाच-दहा मिनिटं गाडीभोवती फिरून, टायर बघून मगच चावी लावायची. याने झोपेचं कर्ज फिटत नाही, पुढचा एखाद तास निभावतो, एवढंच.

नागपूरच्या व्यापाऱ्याला माल सकाळी सातलाच का लागतो, हेही एकदा त्याला विचारून बघा. माझ्या ओळखीच्या एका वाहतूकदाराने आपल्या व्यापाऱ्याला विचारलं, तेव्हा कळलं की त्या व्यापाऱ्याच्या गोदामाचं शटर दहाला उघडतं.

त्या अपघाताच्या रात्रीबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. त्या दिवशी जालन्यात गाडीचा नंबर किती वाजता लावला होता आणि भरून किती वाजता झाली, तेवढं फाटकावरच्या पावतीवरून बघून कळवा. चालकाला आत्ताच काही विचारू नका, आधी पावती बघा.